येणार कोण, थांबणार कोण

क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू टाकायला धावू लागला की क्षेत्ररक्षकांना फारसं हलता येत नाही. चेंडू फलंदाजापर्यंत पोचण्याआधी कुणी ठरवून जागा बदलली, तर नियमाने तो गैरप्रकार ठरतो. फलंदाजाने एकदा मान वळवून क्षेत्ररचना पाहिली की निदान त्या चेंडूपुरती ती तशीच राहावी, एवढा न्याय त्याला मिळतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये सगळा प्रकार उलटा. तिथे नियमाने जखडून ठेवलंय ते चेंडू हाती असलेल्या संघाला. खेळ सुरू होण्यापूर्वी त्या संघाच्या अकराही जणांनी पूर्ण एक सेकंद स्थिर राहायचं. त्यानंतर हालायची मुभा फक्त एकाला, आणि तीही आडवं किंवा मागे जाण्याची. कुणी नुसता दचकून पुढे झुकला तरी पाच यार्डांचा दंड बसतो. समोरचे अकरा बचावपटू मात्र मोकळे. चेंडूच्या रेषेच्या अलीकडे राहिलं की झालं. पुढे या, मागे जा, जागांची अदलाबदल करा, अंगावर धावून येत असल्याचं सोंग आणा आणि शेवटच्या क्षणी माघारी फिरा. पंच तुम्हाला काही म्हणणार नाही.

ब्लिट्झ या बचावाच्या चालीची सगळी करामत या एका सवलतीवर उभी आहे. नावावरून वाटतं की हा निव्वळ धडक हल्ला असावा. धडक त्यात आहेच, पण चांगल्या प्रशिक्षकांना ती फार कमी वेळा मारावी लागते. समोरच्याला ती येणार की नाही याचा अंदाज बांधायला लावणं, हे त्यांचं खरं काम.

या खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडी तोंडओळख. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं असतं. तेवढं जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. मधला गडी, म्हणजे सेंटर, चेंडू दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे देतो तिथून प्रत्येक प्रयत्न सुरू होतो. याला स्नॅप म्हणतात. सेंटरच्या दोन्ही हातांना दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल. एकेकाचं वजन १४० किलोंच्या आसपास. या पाच धिप्पाड गड्यांनी क्वार्टरबॅकसमोर भिंत उभी करायची. उरलेले पाच जण पास झेलायला धावतात. गरज पडली तर त्यांच्यातला एखादा भिंतीला हातभार लावायला मागे थांबतो. चेंडू हाती आल्यापासून तो फेकेपर्यंत क्वार्टरबॅकला सरासरी अडीच-पावणेतीन सेकंद मिळतात. आठवडाभर पाहिलेल्या चित्रफिती, पाठ केलेल्या चाली, सगळं त्या अडीच सेकंदांत आठवावं लागतं.

आता बचावाची बाजू. नेहमीच्या चालीत त्यांचे चार जण क्वार्टरबॅकवर धावतात आणि सात जण मागे राहून पाच झेलणाऱ्यांवर लक्ष ठेवतात. पाचांवर सात, म्हणजे दोन माणसं शिलकीत. हा सुखाचा हिशेब मोडून पाचवा, सहावा, क्वचित सातवा गडीही क्वार्टरबॅकवर सोडला की तो ब्लिट्झ. हा जादा गडी बहुतेकदा लाइनबॅकर असतो, म्हणजे पुढच्या फळीच्या पाठीमागे उभा राहणारा. कधी तो मैदानाच्या कडेला असलेला कॉर्नरबॅक असतो, तर कधी सगळ्यात मागे राखण करणारा सेफ्टी.

इथे एक साधी वजाबाकी आहे आणि ती कायम बचावाच्या बाजूने लागते. क्वार्टरबॅक कुणाला अडवत नाही, त्याच्या हातात चेंडू असतो. म्हणजे अडवणं आणि झेलणं या दोन कामांसाठी आक्रमणाकडे उरतात दहा जण, बचावाकडे अकरा. समजा, आक्रमणाने पाचांच्या भिंतीला सहावा जोडला आणि चौघांना झेलायला पाठवलं. बचावाने त्या चौघांवर एकेक माणूस लावला तरी त्यांच्याकडे सात उरतात. सहा जणांनी सहा अडवले, सातवा सरळ आत. भिंत कितीही भक्कम असो, बचावाने सर्वस्व पणाला लावायचं ठरवलं तर एक माणूस मोकळा येणारच. तो क्वार्टरबॅकच्या वाट्याचा, असं प्रशिक्षक स्पष्ट सांगतात. त्याला अडवायला कुणी येणार नाही. तो पोचायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे.

पण सात जण पुढे सोडले की मागे राखणीला कुणी राहत नाही. प्रत्येक झेलणाऱ्यावर एकच माणूस, आणि तो चुकला तर गोलरेषेपर्यंत मोकळं रान. या रचनेला कव्हर झीरो म्हणतात, म्हणजे सगळ्यात मागे शून्य माणसं.

त्या शून्याची किंमत काय असते, ते न्यूयॉर्क जेट्सनी ६ डिसेंबर २०२० रोजी भोगलं. त्या मोसमात अकराच्या अकरा सामने हरलेला हा संघ लास व्हेगास रेडर्सविरुद्ध २८-२४ असा पुढे होता आणि सामना संपायला फक्त १३ सेकंद उरली होती. रेडर्सला जिंकायला टचडाउनच, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणंच, हवं होतं आणि गोलरेषा ४६ यार्डांवर होती. अशा वेळी सगळे मागे राहतात, समोरच्याला लांबचा पास टाकू देतात आणि तो खाली पाडतात. बचाव प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांनी सर्वस्वी ब्लिट्झ मागवला. रेडर्सचा क्वार्टरबॅक डेरेक कार याला दिसलं की वेगवान हेन्री रग्जवर एकच नवखा कॉर्नरबॅक आहे आणि त्याच्या मागे कुणीच नाही. रग्जने मध्ये एक हूल दिली, कॉर्नरबॅक तिला फसला, आणि कारने उंच फेकलेला चेंडू रग्जने गोलरेषेपाशी अलगद घेतला. रेडर्स ३१-२८ ने जिंकले. विल्यम्स यांची दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली.

या निर्णयाला अनेकांनी वेडेपणा म्हटलं. मला त्यातली चूक जरा वेगळी वाटते. ब्लिट्झ समोरच्याला पेचात टाकतो, तो त्याच्यापुढे दोन-तीन वाटा असतील तर. जवळ फेकू की लांब, थांबू की पळू, भिंत डावीकडे सरकवू की उजवीकडे? कारपुढे त्या क्षणी एकच वाट होती, लांब फेकण्याची. ज्याला काही ठरवायचंच नाही त्याचा गोंधळ तरी काय उडवणार? विल्यम्स यांनी त्याला उलट त्या वाटेवरचा मागचा पहारा काढून दिला.

ब्लिट्झचा इतिहास सांगताना १९४०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळलेल्या डॉन एटिंजरचं नाव पहिलं येतं. हा तांबड्या केसांचा लाइनबॅकर आपली जागा सोडून क्वार्टरबॅकवर धावून जाई. त्याच्यावरूनच या चालीला 'रेड डॉग' म्हणू लागले आणि बरीच वर्षं तेच नाव चाललं. त्यानंतर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सेंट लुईस कार्डिनल्सचे बचाव प्रशिक्षक चक ड्रुलिस यांनी त्याहून धाडसी गोष्ट केली. सगळ्यात मागे राहून घर सांभाळायचं ते सेफ्टीने, असा तोवरचा शिरस्ता. ड्रुलिस यांनी त्यालाच पुढे सोडलं. या चालीचं सांकेतिक नाव होतं 'वाइल्डकॅट' आणि ती ज्याच्यासाठी बेतली तो खेळाडू लॅरी विल्सन. अंगाने बेताचा, पण भीती म्हणून माहीत नसलेला. १९६५ साली दोन्ही हात प्लास्टरमध्ये असताना त्याने पिट्सबर्गविरुद्ध प्रतिस्पर्ध्याचा पास अडवून धरला होता! विल्सन यायला लागल्यावर आक्रमणाच्या हिशेबात एक नवा आकडा शिरला. तोवर क्वार्टरबॅक समोरचे सहा-सात जण मोजायचा. आता त्याला अकराही मोजणं भाग पडलं.

मग आले बडी रायन. हा माणूस ब्लिट्झकडे वळला तो क्वार्टरबॅकला जपणाऱ्या संघात राहून. १९६८ पासून ते जेट्सच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात होते आणि त्या संघाची सगळी भिस्त जो नेमथ या क्वार्टरबॅकवर होती. नेमथचे गुडघे कमकुवत. काहीही झालं तरी त्याला धक्का लागता कामा नये, हे तिथलं पहिलं कलम. रायन यांनी त्यातून उलटा धडा घेतला: एका माणसाला जपण्यासाठी एवढा आटापिटा चालतो, तर समोरच्या संघातल्या त्याच माणसाला मारलं पाहिजे. शिकागो बेअर्सकडे आल्यावर त्यांनी रचलेल्या बचावाला सेफ्टी डग प्लँकच्या जर्सीवरून '४६' हे नाव पडलं. दोन गार्ड आणि सेंटर या तिघांच्या थेट तोंडासमोर तीन बचावपटू उभे करायचे, म्हणजे आतल्या कुणालाही शेजाऱ्याच्या मदतीला जाता येत नाही. बाकीची गर्दी रेषेजवळ. त्यातून कोण येईल याचा नेम नाही. १९८५ च्या मोसमात बेअर्सनी साखळीतले १६ पैकी १५ सामने जिंकले, बाद फेरीच्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण करू दिला नाही आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडला ४६-१० असं धुऊन काढलं.

त्या वर्षीचा त्यांचा एकमेव पराभव मायामीत झाला, २ डिसेंबरच्या रात्री, ३८-२४ असा. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो. चेंडू त्याच्या हातातून इतक्या चटकन सुटायचा की धावून येणारा पोचेपर्यंत तिथे मारायला काही उरतच नसे. शिवाय मायामीने तीन चपळ झेलणारे मैदानात उतरवले, त्यामुळे गर्दीत उभ्या असलेल्या बेअर्सच्या जड गड्यांना मोकळ्या जागेत त्यांच्यामागे धावावं लागलं. धडक मारणाऱ्या ब्लिट्झवरचा उतारा सगळ्या अमेरिकेने त्या रात्री टीव्हीवर पाहिला.

उताऱ्याचं सूत्र सोपं आहे. माणूस जिथून आला, तिथली जागा रिकामी झाली. लाइनबॅकर धावून येताना दिसला की झेलणाऱ्याने आपला ठरलेला लांबचा मार्ग सोडायचा, त्या रिकाम्या जागेत तिरकं घुसायचं आणि क्वार्टरबॅकने डोळे मिटून तिथे चेंडू टाकायचा. याला हॉट रूट म्हणतात. १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्श यांची झटपट, आखूड पासांची पद्धत सर्वत्र पसरली, आणि दोघांमध्ये न बोलता होणारा हा करार प्रत्येक क्वार्टरबॅकच्या अंगवळणी पडला. ब्लिट्झ आला की त्याच्या पाठीमागे फेक.

सिनसिनाटी बेंगल्सचे बचाव प्रशिक्षक डिक लबो यांनी नेमकी ही सवय हेरली. लबो स्वतः डेट्रॉइट लायन्सचे कॉर्नरबॅक होते. १४ मोसमांत त्यांनी प्रतिस्पर्ध्यांचे ६२ पास पळवले होते. क्वार्टरबॅकची नजर कुठे जाते, हे अंगावरचं शिक्षण. त्यांना दडपण हवं होतं, पण मागची बाजू उघडी न टाकता. ते लुइझियाना स्टेट विद्यापीठात बिल आर्न्सपार्गर यांना जाऊन भेटले. आर्न्सपार्गर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मायामीत असताना बॉब मॅथेसन नावाच्या गड्याचा असाच दुहेरी वापर केला होता. कधी तो पुढच्या फळीतला होऊन धावायचा, कधी लाइनबॅकर होऊन मागे जायचा. त्याच्या जर्सीवरून त्या बचावाला '५३' म्हणत. हे बीज घेऊन लबो परतले आणि विमानप्रवासात कागदी रुमालांवर आकृत्या काढत त्यांनी जो प्रकार उभा केला, तो पुढे झोन ब्लिट्झ म्हणून गाजला.

त्यातली युक्ती अशी: डावीकडून लाइनबॅकर आणि सेफ्टी धावून येतात. क्वार्टरबॅकला शिकवलंय की ते आले म्हणजे त्यांची जागा रिकामी. तो तिथे फेकतो. पण त्याच क्षणी पुढच्या फळीतला एक अगडबंब गडी, ज्याने आजवर अंगावर येण्यापलीकडे काही केलेलं नाही, तो दोन पावलं पुढे आल्यासारखं करतो आणि मागे सरकून त्या रिकाम्या जागेत जाऊन उभा राहतो. एकूण धावणारे पाचच. मध्ये तिघे, मागे तिघे. म्हणजे सेफ्टी पुढे येऊनही मागची राखण शाबूत. समोरच्याला हल्ला मोठा वाटतो. तो हॉट रूटचा आखूड पास घाईघाईने टाकतो, आणि तिथे १३०-१४० किलोंचा एक पाहुणा वाट पाहत असतो.

२३ जानेवारी २०११ ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर हे नाट्य याहून ठसठशीत रंगलं. सुपर बोलमध्ये कोण जाणार याचा सामना, ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध बेअर्स. पॅकर्सचे बचाव प्रशिक्षक होते डॉम केपर्स. पिट्सबर्गमध्ये १९९०च्या दशकात याच झोन ब्लिट्झवरून त्या शहराला लोक गमतीने 'ब्लिट्झबर्ग' म्हणत, तेव्हा केपर्स आणि लबो एकाच ताफ्यात होते. बेअर्सचा पहिला क्वार्टरबॅक जखमी होऊन बसला होता, दुसऱ्याला बसवलं होतं, आणि तिसरा, केलेब हेनी, चौथ्या सत्रात खेळत होता. पॅकर्स १४-७ ने पुढे. सेंटरसमोर उभा होता बी. जे. राजी, वजन ३३७ पौंड, म्हणजे १५० किलोंच्या वर. स्नॅप झाला. बाजूने जादा माणूस धावून येताना हेनीला दिसला. शिकवल्याप्रमाणे त्याने चटकन जवळच्या मॅट फोर्टेकडे चेंडू टाकला. राजी मात्र धावलाच नव्हता. तो मागे सरकून नेमका फोर्टेच्या पुढ्यात आला, दोन्ही हातांनी चेंडू घेतला आणि १८ यार्ड दुडुदुडु पळत गोलरेषा ओलांडून तिथे कंबर हलवून नाचला. हेनीने चुकीचं काही केलं नव्हतं. त्याने पाठ केलेलं बरोबर उत्तर दिलं, फक्त प्रश्न बदललेला होता. पॅकर्सनी सामना २१-१४ ने जिंकला आणि दोन आठवड्यांनी सुपर बोलही.

या लपंडावाचा बराचसा भाग स्नॅपच्या आधीच घडून जातो. दोन प्रयत्नांमध्ये घड्याळ ४० सेकंदांचं असतं. क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात १९९४ पासून छोटा रेडिओ असतो आणि प्रशिक्षक त्याच्या कानात चाल सांगतात. बचावाच्या एका खेळाडूला ही सोय २००८ पासून मिळाली. पण घड्याळ १५ वर आलं की दोन्हीकडचे रेडिओ आपोआप बंद होतात. वरच्या मजल्यावर दुर्बीण लावून बसलेल्या सहायकाला कितीही लख्ख दिसत असलं, तरी त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा. म्हणून अनुभवी बचाव १५ सेकंद उरेपर्यंत साळसूदपणे उभा राहतो. त्याच्या हालचाली नंतर सुरू होतात.

क्वार्टरबॅकही हातपाय गाळून बसत नाही. तो पुढे येऊन बोट दाखवत समोरच्या एका लाइनबॅकरचा आकडा ओरडतो. 'हा माइक' असं तो भिंतीतल्या पाच जणांना सांगत असतो, म्हणजे मोजणी याच्यापासून सुरू करा, कुणी कुणाला अडवायचं ते त्यावरून ठरवा. पेटन मॅनिंग हे करताना ऑर्केस्ट्राच्या संचालकासारखे हातवारे करायचा. कधी क्वार्टरबॅक खोटा इशारा ओरडतो, या आशेने की उतावळा ब्लिट्झवाला पाय पुढे टाकून आपलं गुपित फोडेल. कधी एका झेलणाऱ्याला आडवं चालायला लावतो. त्याच्यामागे एखादा बचावपटूही सरकला तर माणसामागे माणूस लावलाय, नाही सरकला तर प्रत्येकाने जागा वाटून घेतल्यात, असा साधारण अंदाज. अर्थात बचावालाही हे ठाऊक असतं. तो मुद्दाम एकाला मागे सरकवतो आणि करतो भलतंच. हा खेळ टीव्हीवर पाहायचा झाला तर स्नॅपपूर्वी चेंडूकडे बघूच नका. मागे उभ्या दोन सेफ्टींच्या पायांकडे बघा. टाचा उचलल्या गेल्या की काहीतरी शिजतंय.

एकदा तर बचावपटूने स्वतःच्या प्रशिक्षकालाही चकवलं. १ फेब्रुवारी २००९, टँपा, सुपर बोल. पिट्सबर्ग स्टीलर्स १०-७ ने पुढे, बचावाची सूत्रं पुन्हा लबो यांच्याकडे. मध्यंतराला १८ सेकंद उरली आहेत आणि ॲरिझोना कार्डिनल्स पिट्सबर्गच्या गोलरेषेला येऊन टेकले आहेत. लबो यांनी सगळ्यांना अंगावर सोडणारा ब्लिट्झ मागवला. लाइनबॅकर जेम्स हॅरिसनचं काम होतं धावून जायचं. तो रेषेवर आला, स्नॅप होताच पुढे झेपावल्यासारखं केलं आणि थबकला. वेळ इतका थोडा, तेव्हा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर चेंडू चटकन आणि जवळच टाकणार, आपण पोचणार नाही, असा त्याचा होरा. वॉर्नरच्या डोळ्यांपुढे चित्र होतं ब्लिट्झचं; अँक्वान बोल्डिन त्याला मोकळा दिसला, त्याने फेकलं. मध्ये हॅरिसन. चेंडू घेऊन तो कडेकडेने सगळं मैदान धावत सुटला, वाटेत त्याच्याच संघातले गडी पुढच्यांना आडवे करत गेले, आणि अखेर १०० यार्डांवर पलीकडच्या गोलरेषेत लॅरी फिट्झजेराल्ड अंगावर असतानाच तो कोसळला. घड्याळ तोवर शून्यावर आलेलं. १४-१० ने मागे पडायची वेळ आलेला संघ १७-७ ने पुढे जाऊन विश्रांतीला गेला. शेवटचा गुणफलक २७-२३. मध्यंतराआधीची ती धाव नसती तर पिट्सबर्ग हरलं असतं, हे सांगायला गणित लागत नाही.

हॅरिसनने जे अंतःप्रेरणेने केलं, ते काही प्रशिक्षकांनी पद्धत म्हणून बसवलं. फिलाडेल्फिया ईगल्सचे जिम जॉन्सन यांची आवडती चाल म्हणजे सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या फटींत, ज्यांना ए गॅप म्हणतात, दोन लाइनबॅकर अगदी नाकाला नाक लावून उभे करायचे. क्वार्टरबॅकपर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच. दोघं खरंच आले तर दीड सेकंदात खेळ खलास, म्हणून सेंटर आणि दोन्ही गार्ड आतल्या बाजूला आवळून उभे राहतात. मग लाइनबॅकर निवांत मागे जातात आणि मोकळ्या झालेल्या बाहेरच्या बाजूने दुसराच कुणी घुसतो. यातला कावा असा की बऱ्याचदा धावणारे मोजून चारच असतात. म्हणजे व्याख्येने तो ब्लिट्झ नव्हेच. समोर सहा जण उभे दिसले, आले चार, पण जे येतील असं वाटलं ते चार आले नाहीत. आक्रमणाचे दोन-तीन धिप्पाड गडी रिकाम्या हवेला अडवत उभे राहतात आणि एका कोपऱ्यात एकावर दोन अशी गत होते.

ब्रायन फ्लोरेस यांनी याची परिसीमा गाठली. ११ नोव्हेंबर २०२१ ला मायामीचे मुख्य प्रशिक्षक असताना त्यांनी बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनसमोर पुन्हा पुन्हा सगळी फौज रेषेवर आणून उभी केली. कधी सगळे आले, कधी निम्मे मागे फिरले. एरवी कुणाच्या हाती न लागणारा जॅक्सन त्या रात्री चाचपडत राहिला आणि मायामीने २२-१० ने सामना घेतला. २०२३ पासून मिनेसोटा व्हायकिंग्जचा बचाव सांभाळताना फ्लोरेस यांनी पहिल्याच मोसमात पास टाकण्याच्या निम्म्याहून अधिक प्रसंगी ब्लिट्झ पाठवला. लीगमध्ये हे प्रमाण सर्वाधिक होतं. आणि याच संघाने तिघांनाच पुढे सोडून आठ जणांना मागे ठेवण्याचा प्रकारही सर्रास केला. दोन टोकं, मधलं फारसं काही नाही, आणि उभं राहायची पद्धत दोन्ही वेळा सारखीच. क्वार्टरबॅकने त्यातून काय वाचायचं?

जॉन्सन यांच्या तालमीत तयार झालेले स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांनी २००८ साली न्यूयॉर्क जायंट्सकडून तोवर अपराजित असलेल्या न्यू इंग्लंडला सुपर बोलमध्ये १७-१४ असं रोखलं. पुढे ते कॅन्सस सिटीत गेले. सामना अटीतटीला आला की कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफीला अनपेक्षित कोनातून सोडायचं, हा तिथे त्यांचा ठेवणीतला पत्ता बनला. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा एक निर्णायक पास मॅकडफीने असाच धावत येऊन हाताने पाडला. २६ जानेवारी २०२५ ला बफेलोविरुद्ध ३२-२९ अशी आघाडी असताना, शेवटची दोन मिनिटं, बफेलोचा चौथा प्रयत्न आणि पाच यार्ड हवेत. प्रत्येकाला वाटत होतं की काहीतरी येणार. तरीही मॅकडफी मोकळाच आत आला. जॉश ॲलनने मागे मागे हटत, तोल जात असताना चेंडू कसाबसा उंच फेकला. डाल्टन किंकेडच्या हातांना तो लागला, टिकला नाही.

एवढं सगळं वाचून ब्लिट्झ हाच बचावाचा हुकमी एक्का, असं वाटलं तर थोडं थांबा. याच कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याच्यावर ब्लिट्झ पाठवणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं, हे एव्हाना सगळी लीग शिकली आहे. जादा माणूस आला की त्याला मोकळी जागा दिसतेच. टँपा बेचे टॉड बोल्स ब्लिट्झसाठीच प्रसिद्ध. पण फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये त्यांनी माहोम्सविरुद्ध तो जवळजवळ वापरलाच नाही. कॅन्सस सिटीच्या भिंतीतले दोन्ही मूळ टॅकल त्या दिवशी खेळत नव्हते, चार जणांचं दडपण पुरलं, आणि टँपा ३१-९ ने जिंकलं. चौघांत काम होत असेल तर पाचवा पाठवणं हा शुद्ध तोटा आहे. ब्लिट्झ ही मुळात ज्याच्याकडे तसे चार नाहीत त्याची गरज.

९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लीन्समध्ये फिलाडेल्फियाचे विक फॅन्जिओ यांच्याकडे तसे चार होते. मागच्या सात जणांनी प्रत्येक वेळी एकसारखं उभं राहायचं आणि स्नॅपनंतर वेगवेगळ्या जागी सरकायचं, एवढाच काय तो लपवाछपवीचा भाग. मध्यंतराला गुणफलक २४-० होता आणि माहोम्सच्या नावावर अवघे ३३ यार्ड. फिलाडेल्फियाने सामना ४०-२२ ने जिंकला, माहोम्सला चेंडूसकट सहा वेळा जमिनीवर पाडलं, आणि ब्लिट्झ एकदाही पाठवला नाही.